स्थान आणि ठिकाण यात नेमका फरक काय? (अकरावीचा प्रकल्प, आईची फजिती)

वडगावकरीण :

नमस्कार. मुलगी अकरावी कला शाखेत आहे. भूगोलाच्या बाईंनी प्रकल्प दिलाय : "माझा परिसर : स्थान, ठिकाण, प्रदेश, अंतर आणि प्रमाण." दहा पानं, हाताने काढलेला एक नकाशा, आणि नेटवरून उतरवलेलं चालणार नाही अशी तंबी.

काल रात्री जेवताना पोरगी म्हणाली, "आई, स्थान आणि ठिकाण एकच ना?" मी म्हटलं, एकच. तिने पुस्तक पुढे केलं. दोन वेगळ्या व्याख्या. तीनदा वाचल्या, शब्द वेगळे आहेत एवढं कळलं. मी कॉमर्सवाली, भूगोल दहावीला सुटला तो सुटलाच. नवरा म्हणाला, "अगं, लोकेशन पाठव म्हणतो ना आपण, ते स्थान." मग ठिकाण म्हणजे काय? यावर तो भात वाढून घ्यायला उठला.

आम्ही पुण्यात वडगाव बुद्रुकला राहतो. आमचं कुरिअर महिन्यातून एकदा तरी वडगाव शेरीला जातं, आणि गावाकडचे पाहुणे 'वडगाव' ऐकून मावळातल्या वडगावला उतरायच्या बेतात असतात. एवढा भूगोल आम्ही रोज भोगतो. पण त्याची दहा पानं कशी करायची? व्याख्या नकोत, त्या पुस्तकात आहेत. माणसाला समजेल असं कोणीतरी सांगा.

राज्यसेवा_तिसरा_प्रयत्न :

ताई, फार डोकं लावू नका. स्थान, ठिकाण, मानव-पर्यावरण आंतरक्रिया, संचलन आणि प्रदेश, ही भूगोलाची पाच सूत्रं. अमेरिकेत १९८४ मध्ये शाळांसाठी ठरवली, तिथून सगळीकडे पसरली. स्थान दोन प्रकारचं : निरपेक्ष म्हणजे अक्षांश-रेखांश, सापेक्ष म्हणजे कशाच्या जवळ, कशाच्या पलीकडे. ठिकाण म्हणजे तिथली नैसर्गिक आणि मानवी वैशिष्ट्यं. प्रत्येकाला दोन पानं दिली की दहा झाली. मार्क मिळतात.

वडगावकरीण :

धन्यवाद. पण हेच तर पुस्तकात आहे हो. "नैसर्गिक आणि मानवी वैशिष्ट्यं" वाचून पोरीने विचारलं, "आपल्या सोसायटीचं मानवी वैशिष्ट्य काय लिहू, चेअरमन?"

भीमाकाठ :

ताई, तुमच्या यजमानांनी भातासाठी उठायची वेळ अचूक साधली. एकतीस वर्षं मी हायस्कूलला भूगोल शिकवला. हा फरक सांगायचा धडा आला की पहिली काही वर्षं मलाही खडू आणायच्या निमित्तानं वर्गाबाहेर जावंसं वाटायचं. मला तो नीट कळला तो पुस्तकातून नाही. उजनीतून.

माझं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. म्हणजे होतं. नव्वद उंबऱ्यांचं गाव, नाव लिहीत नाही. उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं. आम्ही त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच वर माळावर आलो होतो. मी तेव्हा कॉलेजात होतो, त्यामुळं सामान हलवायला तेवढा होतो आणि रडायला नव्हतो, असं आई म्हणायची.

२०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं. लांबच्या लोकांसाठी सांगतो : उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला निम्म्याहून जास्त, त्रेसष्ट-चौसष्ट टीएमसी, हा मृत साठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी. पाणी त्या रेषेखाली उतरलं की आमच्याकडं "धरण मायनसमध्ये गेलं" म्हणतात. त्या उन्हाळ्यात जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, पेपरात फोटो आले, पुण्याच्या गाड्या आल्या. आमच्या गावाला असं नाव घेण्याजोगं देऊळ नव्हतं, म्हणून गर्दीही नव्हती. मी, धाकटा भाऊ आणि त्याचा नातू भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलो. घर भावानं ओळखलं, उंबऱ्यावरून. दगडी उंबरा, मधोमध झिजलेला, आणि आत डाव्या हाताला पुरलेलं उखळ. उखळातला गाळ बोटानं उकरला तर चिलापी माशाचं वाळलेलं पिल्लू निघालं.

तिथंच उंबऱ्यावर बसून मी पिंपरीला मुलाला लोकेशन टाकलं. दोन मिनिटांत त्याचा फोन : "बाबा, पाण्यात काय करताय?" त्याच्या मोबाइलवर सगळा निळा जलाशय आणि त्याच्या पोटात माझा ठिपका. मी कोरडा ठणठणीत, उन्हानं डोकं तापलेलं.

ताई, तो ठिपका म्हणजे स्थान. आणि तो चुकीचा नव्हता. अक्षांश-रेखांश धरणात बुडत नाहीत. आजोबांच्या वेळी जे होते तेच आज आहेत. बुडालं ते ठिकाण. उंबरा कोणाच्या पायानं झिजला, उखळ डावीकडंच का, पारावर कोण कुठं बसायचं, कोणत्या आळीतून लग्नाची वरात न्यायची आणि कोणत्या नाही, हे सगळं मिळून ठिकाण होतं. नकाशातल्या निळ्या रंगाला त्यातलं काही माहीत नाही.

उलटंही होतं, आणि ते जास्त गमतीचं. माळावर आम्हाला नवं गावठाण मिळालं. सरळ रस्ते, एका मापाचे प्लॉट, नाव जुनंच. म्हणजे नाव चार किलोमीटर चालत वर आलं. नदी मात्र आली नाही. आई पुढं वीस वर्षं जगली, आणि नव्या गावात सार्वजनिक नळावर जातानासुद्धा "नदीला जाऊन येते" म्हणायची. नळ उगवतीला होता, उताराला नव्हताच, तरी ती "खाली" जायची आणि "वर" यायची. हे मी वर्गात सांगितलं की पोरं हसायची. हसून झाल्यावर त्यांना ठिकाण म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नसे.

आता तुमचं वडगाव. वडगाव बुद्रुकचं निरपेक्ष स्थान साधारण १८ अंश २८ मिनिटं उत्तर, ७३ अंश ४९ मिनिटं पूर्व. एवढं दिलं तर कुरिअर चुकणार नाही. पण लोक असं बोलत नाहीत. लोकांनी सापेक्ष स्थान थेट गावाच्या नावातच कोंबून ठेवलंय. वडाचं गाव म्हणून वडगाव, आणि वड काय सगळीकडंच. म्हणून मग मावळातलं ते वडगाव मावळ. शेजारीशेजारी एकाच नावाची दोन गावं असली की थोरलं ते बुद्रुक, फारसी 'बुजुर्ग'वरून, आणि धाकटं ते खुर्द. म्हणजे तुमच्या पत्त्यातला 'बुद्रुक' वडगाव खुर्दशिवाय निरर्थक आहे. एक भाऊ असल्याशिवाय कोणी थोरला होतो का? मुलीला पहिलं पान यावरच लिहू द्या.

दुसरं पान जमिनीवर. आपल्या जुन्या लोकांकडं यासाठी दोन शब्द होते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. आमचं जुनं गाव पांढरीवर होतं, नदीपासून जरा उंचावर. काळ्या मातीत घर बांधलं की ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला चिरा पाडते. शिवाय ज्वारीची जमीन घराखाली घालवायची कोणी? गाव कुठल्या मातीवर, किती उंचावर, पाण्यापासून किती लांब बसलंय, याला भूगोलात वस्तीचं स्थळ म्हणतात आणि त्यावर अख्खा तास घेतात. आमच्या पूर्वजांनी तो दोन शब्दांत उरकला होता. तुमची सोसायटी बांधताना पाया खणला तेव्हा काळी लागली की मुरूम, हे तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा. वडगावात मूळचे शेतकरी अजून असतील, त्यांना पक्कं माहीत असणार.

आणि अंतर. आमची आत्या नदीपलीकडं, करमाळा तालुक्यात दिलेली. मे महिन्यात नदीचं पात्र पायी ओलांडून आम्ही पाऊण तासात तिच्याकडं आंबे खायला. धरण झालं आणि तिचं घर तिथंच राहिलं, कारण ते उंचावर होतं. आमचं चार किलोमीटर सरकलं. पण मधे पाणी आलं. लाँच असेल तर लाँचनं, नसेल तर डिकसळच्या पुलाकडून वळसा, एसटी दोनदा बदलून. अख्खी सकाळ जायची. आंबे तेच, आत्या तीच. जाणं मात्र वर्षातून एकदावर आलं, मग लग्नकार्यापुरतं. पुढच्या पिढीत त्या काठाशी आमची एकही सोयरीक झाली नाही. वाल्डो टॉबलर नावाच्या भूगोलज्ञानं १९७० साली, डेट्रॉइट शहराची वाढ संगणकावर मांडताना, एक वाक्य लिहिलं आणि ते भूगोलाचा पहिला नियम म्हणून रूढ झालं : प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी संबंध असतो, पण जवळच्यांचा लांबच्यांपेक्षा जास्त. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतो आपण, तेच. फक्त 'जवळ' कशाला म्हणायचं हे पट्टीनं ठरत नाही, आमच्या आत्यानं ते शिकवलं.

जाता जाता एक. तुमच्या मोरीतलं पाणी मुठेत जातं, मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत, आणि भीमेतून आमच्या उंबऱ्यावर. तेव्हा ताई, तुम्ही आम्हाला परक्या नाही.

टप्पा_सहा :

सर, तुम्ही डोळ्यात पाणी आणलंत, आणि शेवटी मोरीचंही आणलंत.

मी एसटीत वाहक होतो, सातारा जिल्ह्यात. अंतरावर आमचंही थोडं ऐका. आमचं अंतर किलोमीटरमध्ये नसतं, टप्प्यात असतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा, तिकीट टप्प्यावर. प्रवासी मात्र टप्प्यातही मोजत नाही. तो म्हणतो, "मास्तर, फाट्यावर उतरवा, तिथून हाकेच्या अंतरावर गाव आहे." ती हाक कोणाची, हे उतरून चालायला लागल्यावर कळतं.

बाजाराच्या दिवशीचं भारमान, म्हणजे गाडी किती भरली ते, बघितलं की कुठलं गाव कुठल्या गावाच्या हाताखाली ते दिसायचं. सकाळच्या फेरीला चार वाड्यांची माणसं एकाच बाजाराला. त्याच वाड्या दवाखान्याला मात्र वाईला, आणि कोर्टकचेरी, मोठं ऑपरेशन असलं की थेट साताऱ्याला. मिरची-मिठाला जवळ, ऑपरेशनला लांब. पोरगी बारावीला होती तेव्हा तिच्या पुस्तकात ख्रिस्टालर नावाच्या जर्मन माणसाचं चित्र बघितलं, बाजाराच्या गावांभोवती षटकोन-षटकोन काढलेले, १९३३ सालचं. दक्षिण जर्मनीतल्या गावांवरून काढलं होतं म्हणे. मी म्हटलं, याला आमच्या गाडीत बसवायला पाहिजे होता, षटकोन घाटात कसे वाकडे होतात ते बघितलं असतं.

आणि पावसाचं सांगतो. जुलैत महाबळेश्वरहून वाईची गाडी. निघताना धुकं असं की ड्रायव्हर दार उघडून कडेची पांढरी पट्टी बघत गाडी काढतो. माझी तिकिटं ओली, नोटा ओल्या. पाचगणीला येईपर्यंत पाऊस भुरभुर. पसरणी घाट उतरून वाईला आलो की स्टँडवर धूळ, आणि लोक विचारतात, "मास्तर, भिजलाय कुठं?" तीस-बत्तीस किलोमीटरची फेरी. वर्षाला महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, पाचगणीला अठराशेच्या आसपास, वाईला सात-आठशे. एकाच तिकिटात तीन देश. आमच्यात म्हणायचे, महाबळेश्वरच्या ड्युटीला रेनकोट आणि वाईच्या ड्युटीला टोपी, आणि दोन्ही एकाच पेटीत.

राज्यसेवा_तिसरा_प्रयत्न :

हे सगळं छान आहे, पण ललित झालं. परीक्षेत 'स्थळ आणि परिस्थिती सोदाहरण स्पष्ट करा' आलं तर उंबरा लिहून भागणार नाही. ते दोन नेमके वेगळे कसे काढायचे? दोन्हीत ठिकाणाचंच वर्णन येतं.

भीमाकाठ :

येतं खरं. मुंबई घ्या, परीक्षकाला आवडते. स्थळ : सात बेटं, मधे खाजण, दलदल, पूर्वेला खोल आणि आडोशाचं बंदर. ते इंग्रजांना १६६१ च्या विवाहकरारात आंदण मिळालं तेव्हाही तसंच होतं. बंदर उत्तम, पण पाठीशी सह्याद्रीची भिंत, म्हणजे देशावरचा माल बंदरापर्यंत यायचा तो बैलांच्या पाठीवर. ही झाली परिस्थिती : आजूबाजूच्या जगाशी असलेलं नातं. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली, १८६३ ला रेल्वे बोरघाट चढली, १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं म्हणून लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडं वळल्या, आणि १८६९ ला सुएझ कालवा उघडला. यातलं बोरीबंदर सोडलं तर बाकी काही मुंबईत घडलेलं नाही. घाटात घडलं, अमेरिकेत घडलं, इजिप्तमध्ये घडलं. बंदराचं पाणी एक इंचानं खोल झालं नाही आणि मुंबई कुठच्या कुठं गेली. स्थळ तेच, परिस्थिती बदलली. एवढं लिहा. मार्क नाही मिळाले तर पेपर तपासणाऱ्याला उजनीला पाठवा.

ललित म्हणालात, त्याचं वाईट वाटलं नाही. पण उदाहरण पाठ करण्याआधी एक स्वतःचं शोधा, नाहीतर चौथा प्रयत्न.

कोयत्याचा_पोरगा :

सर, मी बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुका. आता पुण्यात एका कंपनीत आहे. तुमचा धागा वाचून एक आठवलं, लिहू की नको करत लिहितोय.

आई-बाप ऊसतोडीला. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, दिवाळीच्या आगंमागं ट्रकात बसायचं, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परत. पाचवीपर्यंत मी त्यांच्याबरोबर जायचो, मग गावातल्या हंगामी वसतिगृहात राहिलो. फडाजवळच्या एका शाळेत मला थोडे दिवस बसवलं होतं. गुरुजींनी सांगितलं, "आपल्या गावाचा नकाशा काढा." बाकीच्या पोरांनी चावडी, देऊळ, शाळा, ओढा काढला. मी कोप्या काढल्या, आमच्या झोपड्या. एका ओळीत बारा, पुढं बैल, मागं ऊस, आणि कडेला पाण्याची टाकी. गुरुजी म्हणाले, "हे गाव नाही, हा तळ आहे. तुझ्या गावाचा काढ." मी खूप आठवलं. गावाचं मला उन्हाळ्यातलंच आठवायचं : आटलेली विहीर, बंद घरं, आजी. पावसाळ्यातलं थोडं. हिवाळ्यात गाव कसं दिसतं हे मी सहावीत वसतिगृहात आल्यावर पहिल्यांदा बघितलं. बाजरीची कणसं कापून झाली होती आणि गावात म्हातारी माणसं आणि पोरं. बास.

ताईंच्या मुलीच्या प्रकल्पात प्रदेश आहे म्हणून विचारतो. आमच्या भागातून माणसं कुठं जातात ते ठरलेलं असतं. कोण कोल्हापूर-सांगलीकडं, कोण सोलापूर-नगरकडं, कोण कर्नाटकात. मुकादम ज्याचा त्याचा कारखाना. मग आमचं गाव आणि तो कारखाना हा एक प्रदेश होतो का? नकाशावर तर मधे तीनशे किलोमीटर दुसऱ्यांचीच गावं आहेत.

भीमाकाठ :

होतो. आणि तुम्ही विचारलंत ते माझ्या एकतीस वर्षांत एकाही पोरानं विचारलं नाही.

पुस्तकात प्रदेशाचे दोन-तीन प्रकार देतात. एक, सगळीकडं एकसारखं असणारा : पर्जन्यछायेचा पट्टा, काळ्या मातीचा पट्टा. दुसरा, एका केंद्राशी येण्या-जाण्यानं बांधलेला : वाहकभाऊंच्या बाजाराचं गाव आणि त्याच्या वाड्या. तुमचं गाव आणि कारखाना हा दुसऱ्यातला. फक्त तो एकाला एक लागून नाही, तुटक आहे. उचल घेतली त्या दिवशी तो जोडला जातो, फिटली की सुटतो. फिटली तर. त्याच्या सीमेवर पाटी नसते म्हणून तो नाही असं होत नाही.

तिसरा लोकांच्या मनातला. आमच्या पलीकडच्या करमाळ्याचंच बघा. तिथून पूर्वेला सीना नदी ओलांडली की परांडा. माती तीच, पाऊस तोच, ज्वारी तीच. पण १९४८ पर्यंत सीनेपलीकडं निजामाचं राज्य होतं, म्हणून पलीकडचा मराठवाडा आणि अलीकडचा पश्चिम महाराष्ट्र. निजाम जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी विकासाच्या अनुशेषाचा विषय निघाला की ती नदी पुन्हा रुंद होते. माझ्या मते हाच प्रकार सगळ्यात टिकाऊ, पण पुस्तकात त्याला चार ओळी.

त्या गुरुजींचं मात्र चुकलं. तो तळच तुमचं ठिकाण होता, वर्षातून सहा महिने. बारा कोप्यांचा नकाशा मी फळ्याशेजारी लावला असता. असा एखादा नकाशा मीही कधी परत केला असेल का, हे आता आठवून बघतोय.

वडगावकरीण :

सर, दादा, तुमच्या सगळ्यांचं वाचून काल आमच्याकडे साडेअकरापर्यंत दिवा चालू होता. पोरगी आज सकाळी चौकातल्या एका आजोबांना भेटून आली. आमची इमारत त्यांच्या भावकीच्या भाताच्या खाचरावर आहे म्हणाले. भाताच्या! मी तेरा वर्षं इथे राहते आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी का साठतं म्हणून बिल्डरला शिव्या देते.

एक राहिलं. प्रमाण. ते कोणी सांगितलंच नाही. पुस्तकात लिहिलंय की बृहत् प्रमाणाचा नकाशा लहान प्रदेश दाखवतो. हे उलटं नाही का?

भीमाकाठ :

सगळ्यांनाच उलटं वाटतं. अपूर्णांक बघायचा. एक छेद पन्नास हजार हा एक छेद दहा लाखांपेक्षा मोठा अपूर्णांक. मोठा म्हणून बृहत्. कागद तेवढाच, त्यावर थोडी जमीन घेतली की ती मोठी दिसते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या स्थलनिर्देशक नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यावर वस्ती लाल, पाणी निळं, शेती पिवळी, झाडी हिरवी. माझ्याकडं आमच्या भागाचा धरणाआधीचा जुना नकाशा आहे, एक इंचाला एक मैल. त्यात आमचे नव्वद उंबरे म्हणजे तुरीच्या डाळीएवढा लाल डाग. तलाठ्याकडच्या गावनकाशात तेच गाव हातभर. शिवेचा प्रत्येक वाकडेपणा, ओढ्याचं प्रत्येक वळण.

पण खरी गंमत पट्टीत नाही. प्रश्न कोणत्या प्रमाणावर विचारलात त्याप्रमाणं उत्तर बदलतं. "सातारा जिल्ह्यात पाऊस किती?" याचा एक सरासरी आकडा निघतो, आणि तो महाबळेश्वरलाही खोटा, वाईलाही खोटा, वाहकभाऊंची टोपीही त्यात बसत नाही, रेनकोटही. जिल्ह्याच्या प्रमाणावर माझा तालुका उजनीमुळं सुधारला. ऊस आला, मासा आला, भिगवणला रोहित पक्षी बघायला लोक येतात. गावाच्या प्रमाणावर विचारा, पाणी उतरलं की गाळपेर करणारे आमच्यातलेच लोक आपल्याच बुडालेल्या वावरात चार महिन्यांचं पीक घेतात. घराच्या प्रमाणावर आईचा नळ. यातलं कुठलंच खोटं नाही. मुलीनं पार्किंगमधल्या पाण्यापासून सुरुवात करावी. ते सोसायटीच्या प्रमाणावर बिल्डरचं, वडगावच्या प्रमाणावर खाचराचं, आणि मुठेच्या खोऱ्याच्या प्रमाणावर आणखी कोणाचं तरी निघेल.

वडगावकरीण :

ती आत्ताच नकाशा काढायला बसली आहे. डावीकडे आमचं वडगाव, मग मुठा, मुळा-मुठा, भीमा, आणि उजव्या टोकाला उजनी. तुमचं गाव दाखवायचं म्हणते. नाव तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून ती 'सरांचं गाव' लिहिणार आहे. तिचा प्रश्न असा : ते नाव माळावर लिहू की पाण्यावर? आणि पाण्यावर लिहिलं तर निळ्या पेनने की काळ्या?

भीमाकाठ :

दोन्हीकडं लिहू दे. माळावर 'नवे' जोडून.

नदी-तलावांची नावं निळ्यात, गावांची काळ्यात. तेव्हा पाण्यावरही काळ्यानंच. निळ्यावर काळं नीट उठत नाही, पेन जरा जाड घ्यायला सांगा.